कॅमेऱ्यावरची टिकली

रणधीर बिराजदार स्वतःला सर म्हणवून घेतो, आणि उमरग्यातले लोक त्याला सर म्हणतातही. एकदा एखाद्याच्या गळ्यात ‘सर’ पडलं की ते काढायला आपल्याकडं कुणी हात लावत नाही. मीही समोर सरच म्हणते. लिहिताना मात्र तेवढी तोशीस मी घेणार नाही.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचा दोघांत मिळून एक गाळा आहे. मधे प्लायवूड. पलीकडं त्याचं ऑनलाइन सेवा केंद्र, अलीकडं माझं फोटोचं आणि झेरॉक्सचं दुकान. प्लायवूड छतापर्यंत पोचत नाही, आणि बिराजदारचा आवाज कुठंच अडत नाही. त्यामुळं त्याच्या बायकोनंही ऐकलं नसेल इतकं या माणसाचं बोलणं मी ऐकलेलं आहे. ती ऐकत नाही. तिच्याबद्दल मला आदर आहे.

मूळचा तो जळकोटचा. उमरग्यात आला तो टायपिंगचं इन्स्टिट्यूट काढायला. तेव्हा पोरं खडखड करत बसायची आणि हा त्यांच्या पाठीमागं हात बांधून उभा राहायचा, कागदावर काय उमटतंय ते बघत. टायपिंग गेलं, मशिनं भंगारात गेली, त्या जागी कॉम्प्युटर आले. पण पाठीमागं उभं राहून बघायची सवय काही गेली नाही. आजही त्याच्या केंद्रात कुणी कॉम्प्युटरपुढं बसलं की दोन मिनिटांत बिराजदार मागं येऊन उभा. विचारलं तर म्हणतो, ‘‘सुपरव्हिजन.’’

हा माणूस प्रायव्हसीचा पुढारी कसा झाला, ते सांगते.

बायकोसाठी मिक्सर घ्यायचा म्हणून त्यानं एकदा इंटरनेटवर चार मिक्सर बघितले. घेतला एकही नाही. पण त्यानंतर तो बातम्या वाचायला गेला तरी मिक्सर, क्रिकेटचा स्कोअर बघायला गेला तरी मिक्सर. बिराजदार हादरला. कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे, अशी त्याची खात्रीच झाली. आता याच्यावर पाळत ठेवून कुणाच्या हाताला काय लागणार होतं, देव जाणे. सकाळी हॉटेलातली उसळ, दुपारी घरचा डबा, संध्याकाळी बसस्टँडवर उभं राहून कोण कुठल्या गाडीत बसलं ते बघणं. याच्या आयुष्यात चोरण्यासारखं काही असतं, तर ते त्यानं स्वतःच आधी सगळ्यांना सांगितलं असतं.

पण त्यानं कुठलासा व्हिडिओ बघितला आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर बायकोच्या पाकिटातली टिकली लावून आला. लाल, मखमली. कुंकू लावलेला तो लॅपटॉप घेऊन तो गिऱ्हाइकांपुढं भाषण द्यायला लागला.

‘‘कुठलीबी साइट उघडली की खाली पाटी येते का न्हाय? कुकी ठिवू का म्हणून? तुमी काय करताव, व्हय म्हणून टाकताव. वाचताव का कधी? अहो, कुकी म्हंजे गोखरू. रानातनं आलं की धोतराला चिकटून येतंय बघा, तसं. मग तुमी जिथं जाताव तिथं ते कळतंय, की हा माणूस ह्या रानातनं आला.’’

खोटं बोलत होता असं नाही. हे मी मान्य करते, कारण या माणसाबद्दल चांगलं बोलायची वेळ पुन्हा येईलच असं नाही.

उपाय म्हणून त्यानं ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शनं टाकली. एक जाहिराती अडवणारं, एक कुकीची पाटी हाकलणारं, आणखी कसली कसली. वरच्या कोपऱ्यात रंगीत चिन्हांची रांग लागली, फौजदाराच्या छातीवर लागावी तशी. प्रत्येक एक्स्टेन्शन टाकताना ते परवानगी मागायचं, की तुम्ही उघडाल त्या प्रत्येक साइटवरचं सगळं मला वाचता येईल, चालेल का? आणि न वाचता व्हय म्हणू नका असं गावाला सांगणारा हा माणूस न वाचता व्हय म्हणायचा.

जाहिराती अडवणारं फार दिवस टिकलं नाही. ते चालू असलं की सरकारी साइटवर पावती छापायची खिडकी उघडायची नाही. त्यानं ते बंद करून टाकलं. कुकीवालं मात्र राहिलं, आणि त्याच्यावर त्याचा जीव. एखादी साइट उघडायची, पाटी क्षणभर चमकायची आणि नाहीशी व्हायची. बिराजदार टाळी वाजवायचा. ‘‘बघितलाव? आली आन् गेली! माझ्या मशीनवर कुकीला थारा न्हाय.’’ ती कुठं गेली आणि काय घेऊन गेली, हे त्यानं कधी बघितलं नाही. नजरेआड झालं म्हणजे टळलं, एवढीच त्याची समज. दारावर बोर्ड मात्र लागला: ‘येथे आपली माहिती पूर्णपणे गुप्त राहते.’

आणि त्या बोर्डाखाली काय चालायचं? निराधारांच्या पगार योजनेची एखादी म्हातारी आली की, ‘‘मावशी, ओटीपी आला का? बोला. मोठ्यानं बोला, ऐकू येईना!’’ म्हातारी ओरडून आकडे सांगायची, बिराजदार ते ओरडून परत म्हणायचा, आणि दारात चहा घेऊन उभा असलेला हॉटेलवाला शेवटचा आकडा चुकला म्हणून दुरुस्त करायचा. कुणाचं आधार कार्ड कुणाच्या उत्पन्नाच्या दाखल्याच्या पाठीवर छापलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कागद वाया जाऊ नये म्हणून. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या पोराचं नाव रेशन कार्डातून काढलं, हे सगळं प्लायवूडवरून माझ्याकडं यायचं. मी कात्रीच्या मुठीनं प्लायवूडवर ठकठक करायचे. म्हणजे आवाज खाली घ्या. तो म्हणायचा, ‘‘व्हय आपा,’’ आणि तेच पुन्हा तेवढ्याच आवाजात सांगायचा.

या माणसावर पौर्णिमानं विश्वास ठेवला.

पौर्णिमा सोनकांबळे हायवेकडच्या एका खासगी दवाखान्यात सिस्टर आहे. वडील नाहीत. आई भिमाबाई, धाकटा भाऊ सुरज आणि ही. घर तीच चालवते. लग्नासाठी फोटो काढायला ती माझ्याकडं आली, तेव्हा स्टुलावर बसल्या बसल्या तिनं मान उजवीकडं वळवली. सरळ बसवली तरी पुन्हा वळायची. मग ओढणी सरकली आणि मला दिसलं. उजव्या कानाखाली मानेवर पांढरा डाग, रुपयाएवढा. मी लाइट दुसऱ्या बाजूला घेतला आणि तिला हव्या त्या बाजूनं फोटो काढला. दुकानात मी रोज चेहरे बघते. कुणाच्या चेहऱ्यावर काय आहे ते दुकानातच राहतं. यात मोठेपणा नाही, धंद्याची रीत आहे.

पुढं तिनंच सांगितलं. भूमचा राजपाल म्हणून मुलगा आहे, शाळेत शिपाई आहे. दोघांचं फोनवर बोलणं झालंय, तिला तो आवडलाय. डागाचं त्याला अजून माहीत नाही.

‘‘लपवायचं न्हाय मला, आपा,’’ ती म्हणाली. ‘‘ह्या रविवारी तो येणार हाय. म्या स्वतः सांगणार हाय त्याला, समोर बसून. पण त्याच्या घरी असलं काय कळलं की म्हणतात पोरांना बी व्हईल, शिवलं की व्हईल. म्हणून डॉक्टरानं लिवलेलं कायतरी मराठीतलं हाताशी पायजे. तो वाचंल, घरी न्हेऊन दाखवंल.’’

स्वतःच्या फोनवर बघायची तिला सोय नव्हती. घरी तो फोन सुरजच्या हातात असतो, दवाखान्यात बाकीच्या सिस्टर खांद्यावरून डोकावतात. म्हणून ती पलीकडं गेली. बोर्ड वाचून गेली. मी झेरॉक्स काढत होते आणि मला तिचा प्रश्न ऐकू आला, ‘‘सर, म्या काय बघितलं ते मागं ऱ्हात न्हाय ना?’’

‘‘शंकाच नको,’’ बिराजदार म्हणाला. ‘‘माझ्या मशीनवर कायच चिकटत न्हाय. बसा निवांत.’’

ती बसली. हा सुपरव्हिजनला मागं उभा राहिला असणार, कारण बराच वेळ त्याचा आवाज आला नाही. सोलापूरच्या एका त्वचेच्या दवाखान्याच्या साइटवर तिला हवं ते सापडलं. तो डाग संसर्गानं होत नाही, लग्नाला त्याची आडकाठी नाही, असं डॉक्टरांनी साध्या मराठीत लिहिलेलं. बिराजदारनं प्रिंट काढून दिली. ती घडी घालून पर्समध्ये ठेवताना तिचा चेहरा मी बघितला. परीक्षेचा अभ्यास पुरा झाल्यावर मुलींचा होतो, तसा.

आता आमच्याकडची चौकशी कशी असते ते सांगायला हवं. मुलीच्या घरी चहा घेण्याआधी पाहुण्यांकडचा एखादा जाणता माणूस गुपचूप गावात येऊन जातो. एसटीतून उतरतो, एखाद्या दुकानात काहीतरी किरकोळ काम काढतो आणि बोलता बोलता विचारतो. राजपालचे मामा, बाबूमामा, असेच शुक्रवारी आले. एसटीतून रिटायर झालेले, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. पेन्शनच्या पुस्तकाची झेरॉक्स काढायला माझ्याकडं दिली आणि हळूच म्हणाले, ‘‘बाई, आमी भूमचे. ती दवाखान्यातली पौर्णिमा सिस्टर, वागायला कशी हाय?’’

‘‘सोन्यासारखी पोरगी हाय,’’ मी म्हणाले. ‘‘माझ्या घरात लग्नाचा पोरगा असता तर म्या तिच्या आईच्या पाया पडले असते.’’

मामांना बरं वाटलं. हसले. मग म्हणाले, हयातीचा दाखला काढायचा राहिलाय, इथं निघतो का? तसला दाखला पलीकडंच निघतो. मामा पलीकडं गेले.

अंगठा लावला, पण सर्व्हर बंद. आमच्याकडं सर्व्हर बंद असणं हा दिवसाचा भाग आहे. तेवढ्यात बिराजदारनं बातम्यांची साइट उघडली. मी इकडं लॅमिनेशनला कागद लावला होता. तो अर्धा आत गेला की सोडता येत नाही. मामांचा आवाज आला, जरा गमतीचा.

‘‘सर, हे वो काय? पांढरे डाग मुळापासून घालवा. वर बी तेच, खाली बी तेच. घरात कुणाला हाय का?’’

बिराजदारच्या मनगटावर भाजल्याचा पांढरट चट्टा आहे. त्यावर तो घड्याळाचा रुंद पट्टा बांधतो. मामांची नजर तिथं गेली असावी, नाहीतर याला एवढी मिरची झोंबायचं कारण नव्हतं.

‘‘हे भाजलेलं हाय! लहानपणी भाजलंय!’’ तो ओरडला. ‘‘आन् ती जाहिरात माझी न्हाय. माझ्या मशीनवर असली घाण येतच न्हाय, म्या एक्स्टेन्शन टाकलंय. हे गिऱ्हाइकाच्या मागनं आलंय.’’

‘‘असं बी असतंय व्हय?’’ मामा म्हणाले. एवढंच. कोण गिऱ्हाईक, हे त्यांनी विचारलं नाही. हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी नाव विचारलंच नाही.

मी कात्री उचलली आणि प्लायवूडवर हाणली. ठकठक नाही, हाणली.

‘‘थांबा वो आपा, पाहुण्यांना समजावून सांगायलोय,’’ बिराजदार म्हणाला आणि समजावून सांगितलं. ‘‘ती हायवेच्या दवाखान्यातली पौर्णिमा सिस्टर न्हाय का, ती बसली होती इथं. तिनंच हे डागाचं बघितलं, म्याच प्रिंट काढून दिली. आता तिला हाय का कुणाला हाय, ते मला काय म्हाईत? आपण कुणाच्या भानगडीत पडत न्हाय. पण माझं मशीन स्वच्छ हाय!’’

मी कागद तसाच टाकून पलीकडं धावले. मामा उठून उभे होते. सर्व्हर चालू झाला होता, पण त्यांनी दाखल्याचं नाव काढलं नाही. पिशवी उचलली, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि बसस्टँडकडं चालू लागले. मी मागं जाऊन म्हणाले, ‘‘मामा, पोरगी स्वतः सांगणार हाय, रविवारी.’’ ते म्हणाले, ‘‘आता काय सांगायचं ऱ्हायलं, बाई?’’ आणि भूमची गाडी विचारायला चौकशीच्या खिडकीशी गेले.

रविवारी राजपाल आला नाही. भिमाबाईंना फोन आला तो मामांचाच. पोराला अजून दोन वर्षं थांबायचंय. आपल्याकडं कुणीच नाही म्हणत नाही, सगळी पोरं दोन वर्षं थांबतात.

पौर्णिमाला काय घडलं ते मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि सोमवारी ड्यूटीवरून तशीच, पांढऱ्या कपड्यांत, त्याच्या केंद्रात गेली. मीही मागं गेले. कुणीतरी तिच्या बाजूनं उभं असावं म्हणून गेले, आणि खरं सांगायचं तर बिराजदारचं तोंड पडलेलं बघायचं होतं म्हणूनही गेले.

पडलं नाही. त्याला जेव्हा कळलं की ते पाहुणे कुणाचे मामा होते, तेव्हा त्याच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं, ‘‘मग त्यांनी आधी सांगायचं की!’’

पौर्णिमा त्याच्याकडं बघत राहिली. शांतता असली की या माणसाला ती भरावीच लागते. ‘‘आन् चूक माझी न्हाय, सिस्टर. कुकी आलीच कशी? थांबा, तुमाला दाखवतो, हे एक्स्टेन्शन कुकीला आत येऊच देत न्हाय.’’ त्यानं कोपऱ्यातल्या त्या लाडक्या चिन्हावर क्लिक करून त्याची माहिती उघडली आणि लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. इंग्रजीतल्या चार ओळी होत्या. इतक्या दिवसांत त्यानं त्या वाचल्या नव्हत्या. तिनं उभ्याउभ्याच वाचल्या.

‘‘इथं लिवलंय की पाटी घालवायला हे आपल्या वतीनं बहुतेक ठिकाणी मंजुरी देऊन टाकतंय,’’ ती म्हणाली. ‘‘न्हाय म्हणत न्हाय हे, सर. व्हय म्हणतंय. सगळ्यांच्या वतीनं.’’

बिराजदारनं चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. आणि त्याचा चेहरा चक्क खुलला. आरोपी सापडल्यासारखा.

‘‘बघा! मग ह्या एक्स्टेन्शननंच घात केला की! म्या तर कवापासून म्हणतोय, ही कुकी लई वाईट.’’

‘‘कुकीला माझं नाव म्हाईत न्हवतं, सर,’’ पौर्णिमा म्हणाली. ‘‘तुमाला म्हाईत होतं.’’

दोन गिऱ्हाइकं बाकावर बसली होती. ती जमिनीकडं बघायला लागली. बिराजदारनं चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसायला लागला.

‘‘मला सांगायचंच होतं त्याला,’’ ती म्हणाली. ‘‘त्यानं न्हाय म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण म्या सांगणार होते. माझ्या तोंडानं. तेवढं एकच माझं होतं, सर, ते बी तुमी वाटून टाकलाव.’’

तिनं हात पुढं करून लॅपटॉपच्या वरच्या कडेला नख लावलं आणि कॅमेऱ्यावरची टिकली काढली. बोटावर धरून त्याच्यापुढं नेली. ‘‘ही घ्या. ही चुकीच्या भोकावर लावलाव तुमी.’’ आणि टिकली त्याच्या माऊसवर चिकटवून बाहेर पडली.

मला वाटलं, घरी जाईल. पण ती माझ्या दुकानात शिरली, पडदा ओढला आणि स्टुलावर बसली. ओढणी काढून मांडीवर ठेवली, केस मागं घेतले आणि मान उजवीकडनं माझ्यापुढं केली.

‘‘आपा, ह्या बाजूनं काढा. डाग दिसला पायजे. राजपालला पाठवते, ती प्रिंट बी त्याच्या संगं. मामाचं ऐकलंय त्यानं, माझं कुठं ऐकलंय? यायचं तर ये म्हणते, न्हाय तर तूच तुझ्या तोंडानं न्हाय म्हण.’’

मी लाइट त्या बाजूला घेतला. फोटो काढला. डोळे लाल होते तिचे, पण फोटो असा आला की तो काचेत लावावा असं मला वाटलं. लावणार नाही अर्थात.

फोटो प्रिंटरमधून बाहेर येत होता, तेवढ्यात प्लायवूडवर आवाज झाला. मी वर बघितलं. पलीकडून खुर्चीवर चढून बिराजदारनं डोकं वर काढलं होतं. मघाचं सगळं पार विसरून, डोळ्यांत तीच सुपरव्हिजन.

‘‘आपा, कोण बसलंय वो आत? कुणाचा फोटो काढायलाव?’’

पौर्णिमा स्टुलावर ताठ झाली. मी फोटो उलटा करून छातीशी धरला.

‘‘कुणाचाच न्हाय,’’ मी म्हणाले. ‘‘खाली उतरा.’’